छपरावरची होडी

माझ्या सासऱ्यांचं नाव मी कधी घेतलं नाही, इथेही घेणार नाही. आम्ही सगळे त्यांना न्ताते म्हणतो, म्हणजे बाबा. सुनेनं त्यांच्यासमोर डोकं उघडं ठेवायचं नाही, खांद्यावरची शाल ढळू द्यायची नाही आणि त्यांच्याशी थेट बोलायचं नाही. सासूबाई होत्या तोवर आमचं बोलणं त्यांच्या मधून जायचं, चाळणीतून पीठ जातं तसं. त्या गेल्या, आणि मालोती डोंगराच्या कुशीतल्या त्या घरात आम्ही दोन माणसं आणि एक कुत्रा उरलो. नवरा मोत्लात्सी खाणीवर. नाताळला आणि ईस्टरला येणारा.

मग कुत्र्याला कामाला लावलं.

"फिरी, न्तातेंना विचार, मक्याचा पापा अजून वाढू का?"

"फिरी, तिला सांग, पोट भरलं. आणि पाल्याच्या भाजीत मीठ घालायला विसरली, तेही सांग."

"फिरी, मीठ घातलंय म्हणावं. हात आखडता घेतला, कारण वैद्यानं सांगितलंय."

"फिरी, वैद्याला म्हणावं, ये एकदा आणि खाऊन बघ."

फिरी म्हणजे तरस. नाव भयंकर, कुत्रा गरीब. कान पाडून दोन्हीकडे बघायचा आणि मध्येच उठून बाहेर जायचा. तो बाहेर गेला की आम्ही गप्प बसायचो, तो यायची वाट बघत.

पण खरं बोलणं व्हायचं ते पाण्यावर. दरीत धरण झालं तेव्हा गाव वर सरकलं आणि जुनं गाव पाण्याखाली राहिलं. मी ते गाव डोळ्यांनी पाहिलेलं नाही, पण मला ते पाठ आहे. गुरांच्या वाड्याची दगडी भिंत, तिच्या पलीकडे पीचची पाच-सहा झाडं, मग उतार, उताराच्या टोकाला न्तातेंचं घर. ट्राउट मासे त्या भिंतीच्या आडोशाला राहतात आणि सकाळी किडे टिपायला वर येतात. न्ताते होडीच्या मागच्या टोकाला बसून लांब छडीनं दोरी हवेत झुलवत आणि टोकाची माशी पाण्यावर अशी टेकवत, की बाळाच्या कपाळावर बोट ठेवावं. माशी म्हणजे आम्हीच बांधलेली, गव्हाच्या दाण्याएवढ्या गळावर बकरीची लोकर आणि कोंबडीच्या मानेचं पीस. मी बांधायची आणि ते ओठांवर ठेवून पारखायचे. त्यांच्या डोळ्यांची नस वाळली होती ना. आधी माशी दिसेनाशी झाली, मग छडीचं टोक, मग पलीकडचा डोंगर. डॉक्टर म्हणाले, यावर औषध नाही.

माशी पाण्यावर तरंगत असते. मासा खालून येऊन ती तोंडात घेतो, पाण्यावर एक वर्तुळ उमटतं, आणि तेवढ्यात छडी उचलायची असते. पापणी लवली की मासा माशी थुंकून गेलेला. म्हणून मी वल्ही धरून बघत बसायची आणि वर्तुळ उमटलं की एकच शब्द बोलायची. "फिरी." कुत्रा माझ्या पायाशी मान वर करायचा, न्ताते छडी उचलायचे, आणि दोरी ताठ व्हायची. ते खालचं सांगायचे, मी वरचं सांगायची. दोघांचा मिळून एक कोळी होत होता.

त्या ईस्टरला मोत्लात्सी आला आणि पहिल्याच संध्याकाळी त्यानं बघितलं, न्ताते चहा मगाच्या बाहेर ओततायत. मीच फडकं आणलं. जेवणानंतर तो बोलला.

"बाबा, होडी विकून टाकू. खालच्या गावात गिऱ्हाईक आहे. तुम्ही लेरिबेला आत्याकडे राहा. सपाट जमीन, दारात नळ."

"तुझ्या आत्याकडे काय आहे? नळ आणि तुझी आत्या."

"पाण्यात पडलात तर? मला खाणीत तीन दिवसांनी निरोप मिळेल."

"मी आंधळा आहे का?"

मोत्लात्सीनं माझ्याकडे बघितलं. मी भांड्यांकडे बघितलं.

"उद्या सकाळी चल," न्ताते म्हणाले. "तुझ्यासमोर एक मासा काढतो. नाही निघाला तर होडी तुझी, विक नाहीतर जाळ. मी निमूट लेरिबेला जाईन."

मी नवऱ्याला काही सांगितलं नाही. म्हाताऱ्या माणसानं शब्द टाकला होता, तो माझ्या तोंडानं मोडायचा नव्हता. होडी गेली की ते आत्याच्या दारात भिंतीकडे तोंड करून बसणार, आणि मी या घरात कोणाशी बोलणार, कुत्रा असो वा नसो.

सकाळी काठावर गवत दहिवरानं पांढरं झालं होतं. फिरी नेहमीसारखा होडीत उडी मारून बसला, आणि मोत्लात्सीनं त्याला मानेला धरून बाहेर काढलं.

"तीन माणसं पुरे झाली. कुत्र्याचं काय काम?"

काय काम ते आम्ही दोघं कसं सांगणार? न्ताते खाकरले, ब्लँकेट घट्ट केलं, बसले. मोत्लात्सी पुढच्या टोकाला, तोंड बापाकडे. मध्ये मी, वल्ह्यांवर. फिरी काठावर उभा राहून रडवेला झाला.

डाव्या कानाला धबधब्याचा आवाज लागला तसं न्ताते म्हणाले, "आता भिंत आली असेल." आली होती. आणि तिथून जरा पुढे, काळ्या खडकापाशी, एक वर्तुळ उमटलं. मोठ्या माशाचं, संथ. न्ताते दुसरीकडेच तोंड करून दोरी मोकळी करत होते.

कुत्रा नसताना मला बोलता येत नव्हतं. पण गाता येत होतं. पाणी भरताना, ज्वारी दळताना बाई गाते ते कोणाला उद्देशून नसतं. गाण्यात सून काहीही म्हणू शकते. मी वल्ह्याच्या लयीवर सुरू केलं.

डाव्या अंगी माझ्या
काळा खडक ओला
पाण्यानं गं डोळा
उघडीला

दोन वल्ही पुढं
तिथं पाणी खोल
घडा भरा, बोल
नका करू

"गाऊ नकोस," मोत्लात्सी हळूच म्हणाला. "मासे पळतील."

"गाण्याला नाही भीत मासे," न्ताते म्हणाले. "तू पाय आपटतोयस, त्याला भितात. गाऊ दे तिला." आणि त्यांची छडी डावीकडे वळली. दोरी हवेत गेली, उलगडली, माशी खडकाच्या पुढे अगदी हवी तिथे टेकली. मोत्लात्सीच्या तोंडून "अरे वा" निघून गेलं.

मासा आला. वर्तुळ उमटलं. मी गायला लागले, "भरला गं घडा, उचल..." आणि माझी ओळ पुरी होईतो वर्तुळ पसरून काठाला निघालं होतं. छडी उचलली तेव्हा माशी रिकामी परत आली. गाणं गोड असतं, पण त्याला पाय हळू असतात.

"उशीर झाला, बाबा."

"दिसलं मला."

मी आणखी पुढे वल्हवलं, पीचच्या झाडांवर. पुन्हा गायले, पुन्हा माशी नेमकी टेकली. आणि या खेपेला वर्तुळ फुटताना सवयीनं माझ्या तोंडून निघालं, "फिरी."

न्तातेंनी छडी उचलली, दोरी ताठ झाली, आणि त्याच क्षणी काठावरून धबाक् असा आवाज आला. फिरीनं हाक ऐकली होती. तो पाणी कापत, नाक वर करून, सरळ दोरीच्या रोखानं पोहत आला. पायांत दोरी अडकली, मासा सुटला, आणि कुत्रा होडीला पंजे लावून आमच्याकडे असा बघायला लागला, जणू त्यानंच आम्हाला वाचवलं.

मोत्लात्सीनं त्याला ओढून आत घेतलं. फिरीनं अंग झटकलं. आम्ही तिघं भिजलो.

"आता कुत्र्याला कशाला हाक मारलीस तू?"

मी शालीचा पदर तोंडावर ओढला.

"कुत्र्याला नाही मारली," न्ताते म्हणाले. "मला मारली."

होडी थोडी गिरकी घेऊन थांबली. न्तातेंनी छडी मांडीवर आडवी ठेवली आणि सगळं सांगितलं. डोळे कधी गेले, कुत्रा कशाला लागतो, गाणं कशाला होतं. सांगताना ते मुलाच्या खांद्याच्या जरा बाजूला बघत होते.

मोत्लात्सीनं विचारलं, "मी दिसतो का तुम्हाला?"

"आवाज ऐकतो. घसा बसलाय तुझा, खाणीची धूळ असेल. तोंड गेल्या नाताळला शेवटचं दिसलं. बरं होतं." ते दोरी गुंडाळू लागले. "पैज हरलो मी. होडी तुझी."

फिरी बाकाखाली जाऊन आमच्याकडे पाठ करून झोपला. आणि तेवढ्यात उताराच्या टोकाला पाणी हललं. एक नाक वर आलं, किडा टिपून गेलं. पुन्हा आलं. मी बघत होते आणि ओठ मिटून होते. मला रडू येत होतं.

"वल्ही थांबली म्हणजे तिला काहीतरी दिसलंय," न्ताते म्हणाले. "आपण कुठे आहोत, पोरा?"

"उतार संपतोय. तो लाल कडा समोर आला."

"म्हणजे घरावर." ते हसले. "माझ्या छपरावर बसलेत सगळे."

"छप्पर आपण काढून नेलं होतं, बाबा. वासे अजून वरच्या गोठ्याला आहेत."

"मग छपराच्या जागेवर. जी सून सासऱ्याच्या डोक्यावर होडी चालवते, ती त्याच्याशी बोलली तर काय आभाळ कोसळणार आहे? रीत घरासाठी असते. घर खाली आहे, तिथे ती पाळू. इथे वर मी घरातला मोठा म्हणून सांगतो, त्या कुत्र्याला सोड बिचाऱ्याला. माखाउता, माझ्याशी बोल."

माखाउता हे त्यांनीच लग्नात दिलेलं माझं नाव. इतक्या वर्षांत त्यांनी ते मला उद्देशून प्रथमच घेतलं. मी नवऱ्याकडे बघितलं. तो होडीची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून बसला होता, आणि त्यानं मान हलवली.

"न्ताते," मी म्हणाले. आवाज माझा वाटेना. "उजवीकडे. कड्याच्या रेषेत. तीन वल्ही लांब. मोठा आहे, सावकाश खातोय."

"वारा?"

"तुमच्या पाठीवर."

दोरी गेली. माशी टेकली. ती बसून राहिली, एवढीशी, सकाळच्या पाण्यावर. मला वाटलं माझाच श्वास तिला हलवतोय. मग पाणी फुगलं आणि माशी नाहीशी झाली.

"उचला, न्ताते."

छडी वाकली ती पार मुठीपर्यंत. दोरीचं रीळ किंचाळलं. मासा खोल गेला, घराकडे, आणि न्ताते बोलायला लागले, "दाराशी गेला. आता भिंतीला घासेल. नाही घासणार, मी ओळखतो त्याला." मी सांगत होते, "डावीकडे वळतोय, ढील द्या," आणि ते म्हणत होते, "दिली, बाई, दिली." आम्ही एकमेकांवर ओरडत होतो, त्याचं कोणाला काही वाटत नव्हतं. शेवटी पाण्यातून तो वर आला, अंगावर गुलाबी पट्टा, कल्ले उघडझाप करणारा. मोत्लात्सीनं गुडघ्यावर बसून जाळी खाली सरकवली. मासा जाळीत आला.

त्यानं तो न्तातेंच्या मांडीवर ठेवला. न्तातेंनी डोक्यापासून शेपटीपर्यंत हात फिरवला, दोनदा.

"हा एकट्यानं नाही काढला," ते म्हणाले. "पैज माझी एकट्याची होती."

"हो," मोत्लात्सी म्हणाला. तो बराच वेळ पाण्यात खाली बघत होता, जिथे काहीच दिसत नाही. "मला एवढंच कळायला हवं होतं, की तुमच्याबरोबर कोणी आहे. एकटे येऊ नका म्हणजे झालं."

"एकटा कसा येईन? मला काठ सापडत नाही."

परतताना वल्ही मोत्लात्सीनं घेतली. त्याला नीट येत नव्हतं, होडी खेकड्यासारखी चालत होती, आणि बापानं त्याला सबंध वाटभर त्यावरून सुनावलं. काठ लागला तशी मी शाल सावरली, डोक्याचा रुमाल पुढे ओढला आणि खाली मान घालून त्या दोघांच्या मागून चालू लागले. न्ताते मला एक शब्द बोलले नाहीत, मीही नाही. आता तो अबोला जड नव्हता.

खाणीवर परत जायच्या आदल्या दिवशी मोत्लात्सी सकाळपासून काठावर होता. दुपारी मी त्याला पापा आणि पाला घेऊन गेले तेव्हा होडी पालथी होती आणि तो तिच्या सांध्यांत डांबर भरत होता, कोपरापर्यंत काळा झालेला.

"हिवाळाभर गळणार नाही आता," तो म्हणाला आणि जेवायला बसला.