फोटोत दुसरं कुणी नको

चादरीखालून तिने करंगळी आत ओढून घेतली.

"आता?"

"आता बोट नाही, पण नाक दिसतंय," फोटोवाले काका म्हणाले.

"कुणाचं?"

"तुमचंच, वहिनी. चादरीत टेकाड आलंय. जरा मागे रेला."

ती मागे रेलली. डोक्यावरून थेट जमिनीपर्यंत पांढरी चादर पांघरून ती स्टुलावर बसली होती, आणि चादरीवरून तिच्या मांडीवर तिची सात वर्षांची मुलगी. एक हात आतून मुलीच्या पाठीला, दुसरा मानेमागे. आई अशी नाहीशी होऊन कापडातून बोलते याची मुलीला इतकी गंमत वाटत होती, की ती खिदळायची आणि हसता हसता मान खांद्यावर टाकून द्यायची. मग पुन्हा पहिल्यापासून सगळं.

कागदोपत्री मुलीचं नाव वेगळं होतं, पण घरीदारी सगळे तिला भिंगरी म्हणत. जन्माच्या वेळी तिचा श्वास अडकला होता, तेव्हापासून पाठ आणि मान तिच्या ताब्यात नव्हती. बसवायचं तर मागून धरायला लागायचं. मान मात्र कुठलाही आवाज आला की तिकडे वळायची. पंखा, दार, शेजारच्या दुकानातली शिंक. शब्द सगळे मिळून पाच, पण ते पाच ती मन लावून वापरायची.

आता तिचं खुब्याचं हाड जागेवरून सरकत चाललं होतं. ऑपरेशन सरकारी आरोग्य योजनेतून होणार होतं. त्यानंतरचा व्यायाम आणि मापाची खुर्चीही. डॉक्टर म्हणाले होते, "कार्डाचा नंबर आणा, सोमवारची खाट राखून ठेवतो." चार महिने खेटे घालून सगळे कागद जमले आणि घोडं अडलं ते फोटोपाशी. चेहरा सरळ हवा, डोळे कॅमेऱ्याकडे, मागे पांढरं, आणि फोटोत दुसरं कुणी नको. पहिल्या फोटोत भिंगरी छताकडे बघत होती. दुसऱ्यात तिच्या हनुवटीखाली आईची दोन बोटं आली होती. कार्ड काढायच्या खिडकीवरच्या बाईंनी त्या बोटांभोवती लाल पेनाने गोल काढून अर्ज परत दिला होता.

चादरीची युक्ती आईचीच. ती लॉन्ड्रीत इस्त्रीला होती, दिवसभर तिच्या हाताखालून चादरीच जायच्या. ही तिने सकाळी दोनदा इस्त्री करून, गुंडाळी करून आणली होती, घडी पडू नये म्हणून.

"बघ बघ, इकडे बघ!" काकांनी किल्ल्यांचा जुडगा वाजवला. मग टाळ्या वाजवल्या. मग, आजूबाजूला दुसरं कुणी नाही हे बघून, कोंबड्यासारखे आरवले. भिंगरीने त्यांच्याकडे एक नजर टाकली आणि मान वळवून मागच्या चादरीला नाक लावलं.

"तुमचाच वास घेतेय ती," काका कपाळ पुसत म्हणाले. "वहिनी, हे काही जमायचं लक्षण दिसत नाही."

आई चादरीत घामाने भिजली होती. दोन्ही हातांना रग लागली होती.

"काका, मी आता अजिबात आवाज करणार नाही," ती म्हणाली. "तुम्हीही काही करू नका. नुसते थांबा."

खोलीत शांतता झाली. भिंगरी हसायची थांबली. तिने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. चादर बोलेना. आई गेली तरी कुठे? तिचं अंग ताठ झालं, आणि मान हळूहळू, शोधत शोधत, समोर आली. त्या क्षणी आईला तळहातावरचं ओझं हलकं झाल्यासारखं वाटलं. तिने श्वाससुद्धा घेतला नाही.

खटका वाजला.

"आला!" काका ओरडले. "अहो, सरळ आला!"

खिडकीवरच्या बाई आधीच्या दोन्ही वेळच्याच होत्या. चष्मा नाकावर, शेजारी पाण्याची बाटली, आणि आवाजात सदाचीच सर्दी. आई भिंगरीला कडेवर घेऊन उभी राहिली. सात वर्षांचं लेकरू कडेवर मावत नाही. पाय तिच्या गुडघ्यापर्यंत लोंबत होते.

बाईंनी फोटो पाहिला, मग डॉक्टरांचा दाखला काढून पाहिला. पुन्हा फोटो.

"यात लिहिलंय, आधाराशिवाय बसता येत नाही."

"हो."

"आणि फोटोत तर ही ताठ बसलीय. मागे कुणी नाही."

इतके दिवस ज्यासाठी धडपड केली, तेच नेमकं अंगाशी येत होतं. काहीतरी सांगून वेळ मारून न्यावी असं एकदा आईच्या मनात आलं. पण भिंगरी घसरायला लागली होती, तिला वर उचलून घेता घेता ती म्हणाली,

"मागे मी आहे."

"कुठे?"

"चादरीत. ती माझ्या मांडीवर बसलीय."

बाईंनी चष्मा काढला, फोटो डोळ्यांजवळ नेला. मांडीपाशी चादर जराशी फुगली होती, तिथे त्यांची नजर थांबली. मागच्या रांगेत कुणीतरी खाकरलं. भिंगरीने लगेच तिकडे मान फिरवली.

"नियम असा आहे," बाई म्हणाल्या, "की फोटोत दुसरी व्यक्ती दिसता कामा नये."

"माहीत आहे."

"दिसतेय का?"

आईने खिडकीतून वाकून, खरंच तपासावं तसं पाहिलं. "नाही."

"मग झालं तर." बाईंनी फोटो यंत्रावर ठेवला. यंत्र बराच वेळ गुरगुरलं आणि पडद्यावर हिरवी खूण उमटली, मग फोटो छापलेला कार्डाचा कागद बाहेर आला. बाईंनी नंबर एका चिठ्ठीवर लिहिला, खाली दोन रेघा ओढल्या. कागद आणि चिठ्ठी देताना मात्र हात मध्येच थांबला.

"फोटो कुणाकडे काढला? आठवड्याला चार-पाच जणांना मी फोटोवरून परत पाठवते. मलाही काही हौस नाही."

आईने पत्ता सांगितला. बाईंनी तो आपल्या वहीच्या पुठ्ठ्यावर, आतल्या बाजूला, नीट लिहून घेतला.

"चादर त्यांची का?"

"नाही, माझी. पण ठेवीन त्यांच्याकडे."

"इस्त्री केलेली हवी हो," बाई म्हणाल्या, आणि पुढच्या माणसाला हात केला.

आईने बाहेर येऊन आधी दवाखान्यात फोन केला. सोमवारची खाट मिळाली होती.

भिंगरीचे बाबा लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचे. संध्याकाळी ते हाताचं ग्रीस घासून काढत होते तोवर आईने कार्डाचा कागद टेबलावर ठेवला. ते ओल्या हातांनीच वाकून बघायला लागले आणि तसेच वाकलेले राहिले.

"अगं, ही तर एकटी बसलीय," ते हळूच म्हणाले. "मान बघ कशी धरलीय!"

आज आपल्या तळहातावर काय झालं हे आईलाही नक्की सांगता आलं नसतं.

बाबांनी हात पुसले, भिंगरीला मांडीवर घेतलं आणि तिची पाठ छातीशी टेकवून कागद तिच्यासमोर धरला.

"हे कोण गं? ओळख बघू. कोण आहे ही?"

भिंगरी बराच वेळ फोटोकडे बघत राहिली. तिचा हात उठला, दोनदा चुकला, मग कागदावर आला. चेहरा सोडून बोट बाजूला गेलं, तिथल्या पांढऱ्या रिकाम्या जागेवर टेकलं.

"आई," ती म्हणाली.

"आई नव्हे, वेडे. ही तू!" बाबा हसले. "आई कुठेय यात?"

भिंगरीने बोट हलवलं नाही.

आईने धुवून दोरीवर टाकलेली चादर काढली. अजून थोडी दमट होती. ती तिने इस्त्रीच्या टेबलावर पसरली आणि कोपरे जुळवायला लागली.