सांध्यातल्या कपच्या

मेक्सिकोतल्या वाहाका शहराच्या मुख्य चौकात, कमानींच्या सावलीत एलोइनाचे टेबल होते. टेबलावर घडीची पत्रके, मागे एक फलक आणि फलकावर शहराबाहेरच्या डोंगरावरील मोंते अल्बान या प्राचीन नगरीच्या पायऱ्यांचे उन्हाने फिकट झालेले छायाचित्र. येणाऱ्या-जाणाऱ्याला एका दिवसाची सहल विकणे हा तिचा अनेक वर्षांचा धंदा. या सहलींत अवशेष थोडे आणि दुकाने फार असतात हे तिला पक्के ठाऊक होते, आणि विकताना ते कोणत्या शब्दांत झाकायचे हेही. म्हणूनच रविवारच्या जेवणावर वडिलांनी विषय काढला तेव्हा तिच्या हातातला घास हातातच राहिला.

"मोंते अल्बानला ने मला," नाबोर म्हणाले. "जायच्या आधी."

जायचे म्हणजे तिहुआनाला, थोरल्या मुलाकडे, देशाच्या पार उत्तरेच्या टोकाला. दोन आठवड्यांनी मुलगा न्यायला येणार होता. म्हाताऱ्याच्या गुडघ्यांची अवस्था पाहता परत येणे होईल असे घरात कुणीच धरून चालले नव्हते. बोलून मात्र कुणी दाखवत नव्हते.

"जाऊ की, पपा. सकाळच्या बसनं जाऊ, सावकाश फिरू."

"बस नको. सहलीतून जायचं. गाइड घेऊन. त्या बाहेरच्या लोकांना पाठवतेस ना, तसं."

"तुम्हाला गाइड कशाला? अर्धा डोंगर तुम्हीच बांधलाय म्हणता."

"म्हणून तर," नाबोर म्हणाले आणि काळ्या मोलेच्या रश्शात भाकरीचा तुकडा फिरवत राहिले. "वर काय सांगतात ते ऐकायचंय मला."

वर काय सांगतात ते एलोइनाला तोंडपाठ होते आणि तीच तर अडचण होती.

नाबोर गवंडी होते. डोंगरावर सरकारने डागडुजी काढली तेव्हा पायथ्याच्या गावांतून माणसे घेतली गेली, त्यांत ते तरुणपणी लागले. पश्चिमेकडच्या ओट्याची एक बाजू ढासळली होती. ती भिंत त्यांच्या टोळीने उभी केली. पुढे त्यांनी गावात घरे बांधली, शाळा बांधली, चर्चचा कुंपणकठडा बांधला, पण घरात 'भिंत' म्हटले की ती एकच. कुणाच्या अंगणातले वाकडे काम दिसले की नाबोर म्हणत, "आमच्या वरच्या भिंतीशेजारी उभं करा याला, लाजेनं सरळ होईल."

आता अशा कामाची एक रीत असते. जुन्या बांधकामावर नवे थर चढवताना सांध्यातल्या चुन्यात बोटाच्या पेराएवढ्या दगडी कपच्या ओळीने दाबून बसवतात. कपच्या दिसल्या की समजावे, हे आजच्या माणसाचे काम. कपच्या नसतील तर ते प्राचीन. डोंगरावरचे गाइड हे सांगतातच, पण ज्याच्या-त्याच्या पद्धतीने. त्यांत रुतिलिओ नावाचा एक होता, चौकात सगळे त्याला पोपट म्हणत. त्याचे वाक्य ठरलेले. भिंतीसमोर उभा राहून तो आरोळी ठोके, "मंडळी, या कपच्या बघा! ही भिंत खोटी! इथं हात लावाल तर राजाला हात लावल्याचं पुण्य नाही, माझ्या साडूला हात लावल्यासारखं होईल!" लोक खो-खो हसत आणि कॅमेरे दुसरीकडे वळवत.

पहिल्यांदा हे ऐकले त्या दिवशी एलोइनाही हसली होती. मग ती कोणती भिंत आहे हे तिच्या लक्षात आले. ही गोष्ट तिने घरी कधी काढली नाही. आणि आता म्हाताऱ्याला नेमके तेच ऐकायला वर जायचे होते, तेही आयुष्यातल्या शेवटच्या खेपेला.

दुसऱ्या दिवसापासून तिने सहल निवडायला घेतली. गिऱ्हाईक टेबलाशी येऊन 'सगळ्यात चांगली कुठली' असे विचारते तेव्हा तिचे उत्तर जिभेवर तयार असे. स्वतःसाठी निवडताना मात्र तिला एकेक सहल उलटी करून, शिवण तपासावी तशी पाहावी लागली. एका कंपनीची गाडी आरामशीर होती, पण ती आधी मेस्काल दारूच्या भट्टीवर थांबे आणि चाखून-चाखून माणसे डोंगरावर पोचेपर्यंत त्यांना भिंत आणि पायरी यांतला फरक कळत नसे. दुसरीचा गाइड शिकलेला होता, पण तो उभ्याउभ्या इतके बोले की म्हाताऱ्याचे गुडघे भाषणातच संपले असते. तिसरीचा सगळा जीव जेवणाच्या हॉटेलात. अवशेष म्हणजे जेवणाआधी भूक लागावी म्हणून करायचा फेरफटका. रविवार तिने आधीच वगळला होता, कारण त्या दिवशी देशातल्या लोकांना प्रवेश फुकट असतो आणि वर जत्रा भरते. पोपटाच्या कंपनीचे पत्रक तर तिने हातातसुद्धा घेतले नाही.

शेवटी उरली गाइड अबेलिना. मऊ आवाजाची, म्हाताऱ्यांना सावलीत बसवून बोलणारी, शिवाय चौकातली जुनी मैत्रीण.

"मंगळवारी वडलांना घेऊन येतेय तुझ्या गाडीत," एलोइना तिला म्हणाली. "एक काम कर गं माझं. त्या पश्चिमेच्या भिंतीपाशी कपच्यांचं काही बोलू नकोस."

"का? मी काय पोपटासारखं खोटी-बिटी म्हणत नाही हं."

"माहीत आहे. पण विषयच नको. ती पपांनी रचलीये. जन्मभर तिच्यावर जगले ते. लोकांसमोर कुणी म्हणावं, की ही जुनी नाही, हिच्याकडे बघू नका... नको."

अबेलिनाने क्षणभर तिच्याकडे पाहिले. "त्यांना विचारलंस?"

"असं विचारतात होय कुणाला!"

"बरं बाई. तुझे वडील, तुझी सहल. मी गप्प."

मंगळवारी नाबोर इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, टोपीची कड ओल्या फडक्याने पुसून, गाडी येण्याच्या कितीतरी आधी दारात उभे होते. गाडीत ग्वादालाहारा शहराचे एक कुटुंब आणि कॅनडाचे एक वयस्क जोडपे होते. नाबोरांनी प्रत्येकाशी टोपी काढून हस्तांदोलन केले, जणू त्यांच्याच घरी पाहुणे चालले होते.

डोंगरावर मात्र ते शहाण्या विद्यार्थ्यासारखे वागले. चेंडूच्या खेळाचे अंगण, दगडावर कोरलेल्या वाकड्यातिकड्या माणसांच्या आकृती, मधल्या प्रचंड मैदानाची आखणी, सगळे त्यांनी मान हलवत ऐकले. अबेलिना बोले, थांबे, सावली शोधे. एलोइनाला वाटले, निवड चुकली नाही.

पश्चिमेच्या ओट्यापाशी नाबोर हळूहळू पुढे सरकले आणि अबेलिनाच्या अगदी समोर जाऊन उभे राहिले. अबेलिनाने ओटा कशासाठी होता, वर कोण राहत असावे, हे सांगितले आणि ती वळली.

"बाई," नाबोर म्हणाले, "ही भिंत कशी आहे?"

"कशी म्हणजे, काका?"

"म्हणजे, सगळी जुनीच आहे का?"

अबेलिनाने एलोइनाकडे पाहिले. एलोइनाने डोळ्यांनीच विनवले.

"जुनीच, काका," अबेलिना म्हणाली. "इथलं सगळंच जुनं."

"सगळीच?"

"सगळीच."

नाबोरांनी मान हलवली, टोपी सारखी केली आणि ते बाजूच्या झाडाखाली जाऊन दगडावर बसले. गट पुढे गेला. एलोइना त्यांच्याजवळ आली, पाण्याची बाटली उघडून दिली. त्यांनी ती घेतली आणि नुसती हातात धरली.

"दमलात का?"

"नाही."

"मग? छान सांगतेय की ती. आणि ऐकलंत ना, तुमची भिंत जुन्यात धरली तिनं."

"तेच तर," नाबोर म्हणाले. "म्हणजे कुणाला कळलंच नाही."

"काय कळलं नाही?"

म्हाताऱ्याने बाटलीने भिंतीकडे खूण केली. "आम्हाला इथं एक वास्तुकाम बघणारी बाई होती. रोज दिवस मावळता यायची, हात लावून बघायची. मी पहिला तुकडा रचला ना, तो असा रचला की पोरी, राजानं पाहिला असता तर आपलाच म्हणाला असता. सांधा दिसेना. कपच्या घातल्या नाहीत मी. म्हटलं, एवढ्या देखण्या कामाला हे खडे कशाला टोचायचे? ती आली, बघत राहिली आणि म्हणाली, पाड."

"पाडायला लावलं?"

"माझ्याच हातानं. म्हणाली, 'नाबोर, काम उत्तम आहे, म्हणूनच हे फसवणं झालं. पुढचा माणूस येईल, त्याला त्यांचं कुठलं आणि तुझं कुठलं हे कळलं पाहिजे.' पुष्कळ दिवस बोललो नाही तिच्याशी. मग पुन्हा रचलं, कपच्या घालून. एकेक कपची निवडून घातली. म्हटलं, बाई, कळू दे तर कळू दे." ते थांबले. "आणि आज ती गाइड म्हणते सगळं जुनंच. मग पाडलं कशाला?"

इतक्या काळजीने जे लपवले होते तेच ऐकायला हा माणूस डोंगर चढून आला होता, आणि त्याच्या कानावर ते येऊ नये अशी तजवीज एलोइनाने स्वतः केली होती. "पपा, तिला माहीत आहे ते," ती म्हणाली. "मीच तिला..."

तेवढ्यात मैदानाच्या टोकाकडून आवाज आला. कमानीखालच्या गर्दीतसुद्धा ओळखू येणारा, लोखंडी पत्र्यावर दगड पडावेत तसा. पोपट आपला कळप घेऊन येत होता.

"या, या, मंडळी, जवळ या! सावली नाही म्हणून रडू नका, राजाही उन्हातच उभा राहायचा! आता ही भिंत बघा. नीट बघा. सांध्यांत काय दिसतं?"

नाबोर उठले. गुडघ्यांवर हात न टेकता उठले. एलोइनाने त्यांची बाही धरली.

"पपा, आपली गाडी निघेल. अबेलिना वाट बघतेय."

"बघू दे."

"अहो, तो वाह्यात माणूस आहे!"

"आवाज चांगला आहे," नाबोर म्हणाले आणि बाही सोडवून चालू लागले.

ती मागोमाग पोचेपर्यंत ते परक्या गटाच्या कोंडाळ्यात शिरलेही होते. रुतिलिओने काठी उचलून भिंतीवर टेकवली होती.

"बारीक दगड! ओळीनं! हे जिथं दिसतील तिथं समजायचं, ही भिंत खोटी. जुनी नाही. इथं हात लावाल तर राजाला हात लावल्याचं पुण्य नाही, माझ्या साडूला हात लावल्यासारखं होईल!"

लोक हसले. त्या हसण्यात एक हसू उशिरा आले आणि बराच वेळ टिकले. नाबोरांनी टोपी काढून वर धरली, शाळेत हात वर करतात तशी.

"तो साडू मी," ते म्हणाले.

रुतिलिओने म्हाताऱ्याकडे पाहिले, मग त्यांच्या मागे लालबुंद चेहऱ्याने उभ्या असलेल्या एलोइनाकडे.

"कमानीखालची एलोइना? हे तुझे..."

"वडील," ती म्हणाली. "आणि भिंत त्यांची आहे."

"काका," रुतिलिओने पहिल्यांदाच आवाज खाली आणला, "मी आपलं गमतीनं म्हणतो. खोटी म्हणजे तसं नव्हे..."

"रोज सांगता का हे?"

"रोज. सकाळी एकदा, दुपारी एकदा."

"सगळ्यांना कपच्या दाखवता?"

"दाखवतो म्हणजे काय! त्याशिवाय हशा कसा मिळेल?"

"मग असंच सांगत जा," नाबोर म्हणाले. "खोटी म्हणालात तरी चालेल. ती बाईही जवळजवळ तेच म्हणायची."

कोण बाई हे रुतिलिओला कळले नाही, पण धंदा त्याच्या अंगात मुरलेला होता. तो गटाकडे वळला आणि आवाज पुन्हा पत्र्यावर चढला. "मंडळी! राजा काही आज भेटायचा नाही, पण साडू आलाय! विचारा काय विचारायचं ते!"

गटातल्या एका बाईने विचारले, यातला नेमका कुठला भाग तुमच्या हातचा? नाबोर पुढे झाले. त्यांनी एका सांध्यावरून बोट फिरवले, मग वरच्या, मग बाजूच्या. बराच वेळ पाहिले. शेवटी त्यांनी हात पसरून एक मोठा तुकडा दाखवला.

"हे इथून तिथपर्यंत आमचं. खालचं त्यांचं. आमच्यातलं माझं कुठलं, ते काही आता सांगता येत नाही."

"वाईट वाटतं?" बाईने विचारले.

"त्याच्यासाठी नव्हत्या घातल्या कपच्या," नाबोर म्हणाले.

अबेलिना मैदानाच्या पलीकडून दोन्ही हात हलवत होती. गाडी आता अरासोलाला, रंगीत लाकडी प्राण्यांच्या दुकानांकडे निघायची होती. एलोइनाने तिला दुरूनच खूण केली: तुम्ही व्हा पुढे. मग ती रुतिलिओकडे वळली.

"तुझ्या गाडीत दोन जागा आहेत का रे?"

"आहेत. पण एलोइना, आमची गाडी मेस्कालवर थांबते हं. तुझ्या वडलांना..."

"थांबू दे," मागून नाबोर म्हणाले. ते अजून भिंतीपाशीच होते. गटातली माणसे एकेक करून पुढे येत होती, त्यांच्याशी हात मिळवून भिंतीवरही हात ठेवत होती, आणि म्हातारा प्रत्येकाला सांध्यात बोट घालून दाखवत होता.