टर्बो बसला

मासेवाल्याच्या हातात जुना टर्बो होता आणि तोंडचं पाणी पळालं होतं. तिकडे त्याच्या तळ्याचंही पाणी पळत होतं, हीच तर सगळी बोंब होती.

पहाटे तळ्याच्या बांधाला भगदाड पडलं. मातीची पोती टाकून झाली, फळ्या ठोकून झाल्या, बायकोने घरातली जुनी गादीसुद्धा आणून कोंबली, पण पाणी थांबायचं नाव घेईना. संध्याकाळपर्यंत तिथे नुसता चिखल उरणार, हे शेंबड्या पोरानेही सांगितलं असतं. आणि तळ्यात होत्या अंडी देणाऱ्या मोठ्या माद्या. बाजारात तराजूला लावायचे मासे नव्हेत ते! बोटाएवढ्या होत्या तेव्हापासून नवरा-बायकोने डोळ्यांत तेल घालून वाढवलेल्या. दर हंगामात त्यांच्या अंड्यांतून पिल्लं निघायची, आणि पिल्लांवर घर चालायचं. सगळ्यांत म्हातारी होती तिला बायको 'आजी' म्हणायची. माद्या गेल्या म्हणजे पुन्हा बोटाएवढ्यापासून सुरुवात, आणि दोघांचे गुडघे आता तसल्या सुरुवातीला साफ नाही म्हणत होते.

घाटापलीकडे एका मित्राचं तळं होतं. "घेऊन ये, जागा आहे," असं तो सकाळीच म्हणाला होता. न्यायला पिकअप होती. तिच्यावर पाण्याची टाकी, ऑक्सिजनचं सिलिंडर, सगळं वेल्डिंग करून पक्कं केलेलं. दुसऱ्या कुणाच्या गाडीत हे जमण्यासारखं नव्हतं. फक्त ती पिकअप मेहुण्याच्या गॅरेजात बॉनेट उघडं टाकून उभी होती, कारण तिचा टर्बो गेला होता.

इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरावर एक चाक फिरतं, त्याच्या जोडीने दुसरं चाक फिरतं आणि इंजिनात हवा कोंबतं, तो हा टर्बो. तो गेला तरी गाडी चालते. सपाटीवर, कण्हत कुंथत. पण भरल्या टाकीनिशी घाट? विसरा. गेले कित्येक दिवस तो शिट्टी मारायचं सोडून किंचाळत होता. बायको म्हणायची, "अहो, दाखवून घ्या." हा म्हणायचा, "बघू." आता बघ म्हणावं!

तर हा गृहस्थ सकाळपासून स्पेअर पार्टच्या गल्लीत या दुकानातून त्या दुकानात फिरत होता. दुकानं कसली, दोन्ही बाजूंना लोखंडाचे ढीग आणि ढिगांच्या मधोमध एकेक माणूस. जो तो एकच विचारायचा, "नंबर?" टर्बोच्या अंगावर एक चिमुकली पत्र्याची पट्टी असते, तिच्यावर नंबर. याने शर्टाच्या टोकाने पट्टी पुसपुसून शर्टाचं पोतेरं केलं. नंबर ऐकला की समोरचा मान हलवायचा. हा नाही. हा बंद झाला. हा परवा होता, कालच गेला. नुसता नन्नाचा पाडा.

एकाने मात्र हसतमुखाने तसाच दिसणारा एक टर्बो पुढे ठेवला. "हा घ्या की! सख्खा भाऊ शोभतो."

"नंबर वेगळा आहे."

"नंबराचं काय घेऊन बसलात? जरा घासलं की बसेल."

मासेवाला इतका घायकुतीला आला होता की त्याचा हात खिशाकडे गेलासुद्धा. तेवढ्यात मनात काय आलं कोण जाणे, त्याने मेहुण्याला फोन लावला. मेहुणा गॅरेजवाला, कुठल्याही दुखण्यावर आधी हातोडा काढायचा म्हणून सगळे त्याला ठोक्या म्हणायचे.

"भाऊजी," ठोक्या पलीकडून ओरडला, "घासलं की बसेल म्हणतो ना, त्या दुकानात एक मिनिट थांबू नका. मी ठोकतो, पण मीसुद्धा टर्बो ठोकत नाही!"

गल्लीच्या टोकाला शेवटचं दुकान एका बाईंचं होतं. केस पांढरे, बोटं काळी. त्यांनी जुना टर्बो हातात घेतला, आतली दांडी बोटाने हलवून पाहिली आणि चक्क वास घेतला.

"जळालाय. तेल पोचत नव्हतं याला."

"बाई, नवा आहे का तेवढं सांगा. पाया पडतो."

"एक आहे." त्या स्टुलावर चढल्या. वरच्या फळीवरचं खोकं खाली काढलं, धूळ झटकली, पट्टीवरचा नंबर त्याला मोठ्याने वाचायला लावला. तोच होता! मासेवाल्याला रडू यायचं बाकी राहिलं. किंमत अव्वाच्या सव्वा होती, पण घासाघीस करायला वेळ कुणाला होता?

"तेलाची नळीपण नवी घाला हो," बाई म्हणाल्या. "आत काजळी धरते. जुनी नळी ठेवलीत तर हाही त्याच वाटेने जाईल."

"द्या नळी."

"माझ्याकडे नाही. मागच्या गल्लीत मिळेल, पण ते दुकान दुपारशिवाय उघडत नाही. नाहीच मिळाली तर जुनी साफ तरी करायला सांगा."

हा "हो हो" म्हणाला आणि खोकं छातीशी धरून पळाला. वाटेत बायकोचा फोन.

"अहो, पाणी गुडघ्याच्या खाली गेलं. आजी वर येऊन सारखं तोंड उघडतेय. मला बघवत नाही."

"मिळाला टर्बो! धीर धर. आणि काहीही झालं तरी त्यांना आत्ताच धरू नकोस हं. टपात घातल्यास की तासाभरात गुदमरतील. गाडी तयार झाली की मी फोन करतो, मगच धर."

"मगच धरते," ती म्हणाली. "पण लवकर करा हो."

ठोक्याने काम झपाट्याने उरकलं, त्याबद्दल त्याला नावं ठेवायला जागा नाही. शेवटी त्याने जुनी तेलाची नळी काढली, एक डोळा मिटून उजेडासमोर धरली आणि हळूच खाली घेतली.

"भाऊजी, पलीकडचं काहीच दिसत नाही. गच्च भरलीय. डिझेलात भिजत घालून तारेने साफ करायला हवी."

"किती वेळ?"

"तास तरी. जास्तच."

"तुझी ताई तिकडे चिखलात उभी आहे. टर्बो बसव आधी."

"अहो, दम खा जरा. तेल नाही पोचलं तर..."

"ठोक्या, बसव म्हणतो ना!"

लग्नात हा पोरगा करवला म्हणून मिरवत होता, तेव्हापासून आजवर मासेवाल्याने त्याच्यावर आवाज चढवला नव्हता. ठोक्याने खाली मान घातली. तारेने नळीत दोन-चारदा खुपसलं, फुंकर मारली, नव्या टर्बोत वरून कॅनने तेल ओतलं आणि तीच नळी आवळून टाकली.

गाडी सुरू झाली. आणि अहाहा, शिट्टी! बारीक, स्वच्छ. मासेवाल्याचे डोळे भरून आले. कोपऱ्यापर्यंत एक फेरी मारून पाहू म्हणून दोघे निघाले. जाताना शिट्टी होती. वळताना शिट्टी होती. परत येताना ती घोगरी झाली, मग आत काहीतरी खरडलं, मग खट्ट. मागून काळ्या धुराचा लोट. वरून ओतलेलं तेल संपलं होतं आणि नळीतून थेंब येत नव्हता. ठोक्याने इंजिन बंद केलं आणि कपाळ स्टिअरिंगवर टेकलं.

मासेवाल्याने बायकोला फोन लावला. काय सांगायचं, कसं सांगायचं? तोंडातून दोनच शब्द फुटले.

"टर्बो बसला."

"बसला?" पलीकडून किंकाळी आली. "बसला! देवच पावला हो! धरते मी सगळ्यांना, या तुम्ही!"

"अगं नाही, बसला म्हणजे..."

फोन कट. मग नुसती रिंग. पुन्हा रिंग. तिने फोन बांधावर टाकला असणार आणि जाळं घेऊन पाण्यात उतरली असणार.

काय भाषा आहे आपली! पार्ट जागेवर लागला तरी तो बसला, आणि कायमचा मेला तरी बसलाच. गॅरेजवाल्याची सख्खी बहीण ती, दोन्ही अर्थ कितीदा तरी ऐकलेली. पण सकाळपासून जे ऐकायला ती कान लावून उभी होती, तेच तिला ऐकू आलं. तिच्या जागी मी असतो तरी दुसरं काही ऐकलं नसतं.

"ती धरतेय त्यांना," मासेवाला म्हणाला. "टपात घालतेय. ठोक्या, काहीतरी कर रे बाबा."

ठोक्या उठला. टर्बोकडे जाणारं तेल एका बोल्टने बंद करून टाकलं. "टर्बोशिवायच न्यायची. पहिल्या गिअरमध्ये, थांबत थांबत. पण भरली टाकी चढणार नाही, भाऊजी. अर्धीच."

अर्धी टाकी म्हणजे अर्ध्या माद्या. हे दोघांनाही कळलं.

पिकअप धूर ओकत बांधाजवळ आली, तेव्हा बायको टपांच्या मधोमध उभी होती. दोन्ही हातांनी तांब्याने पाणी उचलून वरून ओतत होती, तेवढीच हवा मिसळावी म्हणून. गाडी पाहून तिचा चेहरा उजळला. मग तिने कान दिला.

"शिट्टी कुठे आहे?"

"बसला," मासेवाला म्हणाला. "अगं, बसला म्हणजे... गेला. मीच ठोक्याला नळी साफ करू दिली नाही."

तिचा तांब्या हवेत तसाच राहिला. टपांकडे पाहिलं, तळ्याकडे पाहिलं. तळ्यात आता परत सोडण्याइतकं पाणी नव्हतं. शिव्या दिल्या असत्या तर त्याने आनंदाने खाल्ल्या असत्या. तिने फक्त विचारलं, "किती न्याल?"

"अर्ध्या."

"तरण्या न्या." ती वाकली आणि भराभर एकेक उचलून द्यायला लागली. "ही. ही. ही नको, हिच्या कल्ल्यांचा रंग बघा. ही घ्या." आजीच्या टपाशी ती थांबली. "हिला राहू दे. हिचे हंगाम आता थोडेच राहिलेत."

"आजीला सोडून जायचं?"

"जा म्हणते ना! पुन्हा फेरी मारा. तोवर मी बसते इथे." आणि ती खरंच चिखलात फतकल मारून बसली.

तो घाट कसा चढला ते मासेवाल्याला विचारू नका. पहिला गिअर, माणसाच्या चालीने. दर वळणाला इंजिन तापायचं, मग थांबायचं. ठोक्या लाकडाचा ठोकळा घेऊन मागून धावत होता. गाडी थांबली की चाकाखाली सरकवायचा, नाहीतर टाकीसकट सगळं दरीत. मित्राच्या तळ्यात एकेक मादी सुटली, क्षणभर आडवी झाली आणि शेपटी हलवून खाली गेली. सगळ्या गेल्या. मित्र म्हणाला, "पाणी तरी पी." हा गाडी वळवत होता.

परत येईपर्यंत ऊन उतरलं. घाटमाथ्यावरून त्याने फोन लावला, तिने उचलला नाही. तळं आता तळं नव्हतंच. चिखलाला भेगा पडायच्या बाकी होत्या. टपांवर ओली पोती झाकली होती आणि पोत्यांखाली काही हलत नव्हतं. तिने स्वच्छ राहिलेलं सगळं पाणी एकाच टपात गोळा केलं होतं. त्या टपाशी ती बसली होती, तांब्या उचलत होती, ओतत होती, उचलत होती, ओतत होती.

टपात आजी होती. कल्ले हळूहळू उघडत होते, मिटत होते.

पोत्यांखाली पहिल्या फेरीत न मावलेल्या तरण्या होत्या. मघाशी हिशेबाने बोलणारी बाई, पण एकटी पडल्यावर तिचा हिशेब कुठे गेला, ते त्याने विचारलं नाही. त्यानेही दुसरं काही केलं नसतं.

"अगं," त्याने हाक मारली.

तिने तोंड उघडलं, पण शब्द फुटला नाही. दिवसभर एकेकीला हाका मारून, ओरडून, विनवून तिचा आवाज बसला होता. तांब्याभोवतीची बोटंही सुटेनात. त्याने ती एकेक करून सोडवली. ठोक्या आणि त्याने मिळून टप उचलला, आजीला टाकीत सोडलं आणि ऑक्सिजन चालू केला. बुडबुडे आले. पोत्यांकडे तिघांपैकी कुणी पाहिलं नाही.

मग त्याने तिला हाताला धरून गाडीत बसवलं. तिच्या साडीचा चिखल सीटला लागत होता, लागू दे. ठोक्या ठोकळा घेऊन मागे चढला.

"घाटात वेळ लागेल," मासेवाला म्हणाला. तिच्याकडे बघायचा त्याला धीर होत नव्हता. "टर्बो बसलाय."

तिने पदराने हातांचा चिखल पुसला. मग त्या गेलेल्या आवाजात, कसंबसं ऐकू येईल असं म्हणाली, "आता बरोबर कळलं."

त्याला हसू फुटलं, की रडू, ते त्याचं त्यालाच समजलं नाही. मागच्या टाकीत शेपटीचा एक फटका वाजला. त्याने पहिला गिअर टाकला.