सलग पाचशे चौरस फूट

नियम

«लस देऊ इच्छिणाऱ्या औषध दुकानात, लस घेतलेल्या व्यक्तीस अर्धा तास निरीक्षणाखाली बसवण्यासाठी सलग पाचशे चौरस फूट जागा असावी.»

दुकान

एकशे चाळीस चौरस फूट. त्यात काउंटर, फ्रिज, वजनकाटा, खोकल्याच्या बाटल्यांची एक पूर्ण भिंत, औषधवाली आणि तिच्या सासूबाई. तिसरं माणूस आत आलं तर कुणीतरी पोट आत घ्यायचं.

साथ सुरू झाल्यापासून औषधवालीने एकही दिवस शटर ओढलं नव्हतं. साठीच्या पुढची एकशे सत्त्याऐंशी गिऱ्हाइकं, सगळी तोंडपाठ. नियमात बसणारं सर्वात जवळचं दुकान एका मोठ्या कंपनीचं, अकरा किलोमीटरवर, हमरस्त्याला. बस बंद. म्हणजे या एकशे सत्त्याऐंशींना लस मिळणार ती दुसऱ्या कुणाच्या तरी दुकानात, आणि तिथवर जाणार कोण? गुडघेवाल्या काकू? त्यांना दुकानाची एक पायरी चढायलाही औषधवालीचा हात लागतो.

निवेदन, पहिला खर्डा

मा. लसीकरण समितीस,
आम्ही, लहान व स्वतंत्र औषध दुकानदारांची संघटना, आपणास नम्रपणे, अत्यंत नम्रपणे आणि पुन्हा नम्रपणे विनंती करतो की

(«ताई, झोपेची गोळी आहे?»
«चिठ्ठी?»
«चिठ्ठी नाही आणि झोपही नाही.»
«आधी डॉक्टरांना फोन करा.»)

की सदर अट ही आमच्यासारख्या चारशे दुकानांवर अन्याय

(«ही जेवणानंतर घ्यायची ना? पण रात्री मी जेवतच नाही.»
«मग जेवा!»)

अन्याय जेवा

सासूबाईंनी कागद ओढून घेतला. एकतीस वर्षं शाळेत शिकवलेलं, लाल पेन पदराला टाचल्यासारखं कायम जवळ.

«जेवा काढ.»

«हो आई.»

«नम्रपणे तीनदा आलंय. एकदा नम्र झालं की पुरे. आणि अन्यायही काढ. अन्याय म्हटलं की लोक फाईल मिटतात. ते जागा मागतायत ना? जागा दाखव त्यांना.»

«कुठून दाखवू? भिंत ताणू का?»

«शेजारी बघ जरा. कुणाकुणाचं बंद पडलंय?»

शेजारी

डावीकडे सलून. सरकारी हुकमाने चार महिने बंद. एकशे साठ फूट. त्याच्या पलीकडे शिवणक्लास, तोही बंद. दोनशे दहा. औषधवालीने शिवणक्लासचीच टेप मागून घेतली आणि सलूनवाल्या दादांना दुसरं टोक धरायला लावलं.

«पाचशे दहा!» सलूनवाले दादा ओरडले. «दहा फूट जास्तच भरलं, ताई.»

«सलग नाही ना पण. मधे दोन भिंती आहेत.»

«पाडू का?»

«टेप सोडा आधी.»

निवेदन, सहावा खर्डा (हाच गेला)

अटीतील ‘सलग’ हा शब्द वगळावा. बंद असलेली शेजारची दुकाने बसण्यासाठी वापरू द्यावीत. आमच्याकडे येऊन पाहावे.

समितीने चक्क उत्तर पाठवलं. निरीक्षक येतील. लस न देता रंगीत तालीम करून दाखवावी. एका व्यक्तीला अर्धा तास बसवावे, दर पाच मिनिटांनी नोंद करावी, तक्ता पाठवावा. मग व्हिडिओवर सुनावणी, तीन मिनिटं. चारशे दुकानांचा निकाल या एका तालमीवर.

रंगीत तालीम

निरीक्षक अकराला आले. दोन मास्क, हातमोजे, आणि कॉलरवरून खाली उतरलेले केस. त्या दिवसांत सगळ्यांचेच उतरले होते. पेशंट व्हायला गल्लीतले सहा जण तयार होते, पण साहेब म्हणाले, «मीच बसतो. अर्धा तास म्हणजे नेमका किती, ते मलाही कळू दे.»

औषधवालीने सगळं खऱ्यासारखं केलं. ताप बघितला, कशाची ॲलर्जी आहे विचारलं, दंडावर सुईशिवाय कापूस दाबला आणि त्यांना सलूनच्या मधल्या खुर्चीत बसवलं. सासूबाई दारात, मनगटाला घड्याळ, मांडीवर तक्ता. सलूनवाले दादा खुर्चीच्या मागे उभे राहिले. गेली अठरा वर्षं ते तिथेच उभे राहत आले होते.

निरीक्षण तक्ता (अक्षर सासूबाईंचे)

११.१० : बसले. श्वास नियमित. चष्मा पुसला.

११.१५ : सामान्य. खुर्ची फार आरामशीर आहे, असे स्वतःहून सांगितले.

११.२० : डोळे जड. हाक मारली, हुंकार दिला. झोप ही लसीची प्रतिक्रिया नव्हे. खुर्चीची आहे.

११.२५ : गळ्याभोवती पांढरे कापड. कुणी गुंडाळायला सांगितले नव्हते. सून काउंटरवर गिऱ्हाइकाकडे.

११.२६ : कात्रीचा आवाज. मी ओरडले. उशीर झाला होता. डाव्या बाजूचे केस कानाच्या वर. जमिनीवर अंदाजे दोन मुठी.

११.३० : व्यक्ती पूर्ण जागी. नाडी जलद. कारण आरसा.

११.३५ : व्यक्ती उजवी बाजू करून मागत आहे. सलूनवाला नकार देत आहे.

११.४० : अर्धा तास पूर्ण. प्रकृती ठणठणीत. मनःस्थिती बरी नाही.

तक्त्यात न मावलेलं

«दादा, काय केलंत हे!»

«शपथ घेतो ताई, मी नाही केलं. हातांनी केलं. समोर मान कलली की हात विचारत बसत नाहीत.»

«अहो, उजवी बाजू तरी करा!» साहेब खुर्चीतून म्हणाले.

«नाही जमणार साहेब. सलून बंद आहे. तुमच्या खात्याचा कागद दारावर चिकटवलाय, बघा.»

«डावी केलीत तेव्हा उघडं होतं?»

«तेव्हा चुकून झालं. आता केली तर ठरवून होईल.»

साहेबांनी कापड सोडलं, आरशाकडे पाठ केली आणि आवाज खाली आणला. «हे बघा. तुम्ही माणसं चांगली आहात. तक्ता नवा लिहा. सगळीकडे ‘सामान्य’. मी सही करतो. तुमचंही काम होईल, माझीही शोभा होणार नाही.»

औषधवालीने संघटनेच्या ग्रुपवर विचारलं.

ग्रुप

«ताई, लिहून टाका सामान्य.»
«एका डोक्यापायी चारशे दुकानं नका बुडवू.»
«फोटो टाका ना.»
«फोटो नको. सामान्य लिहा.»
«फक्त डावीकडूनच टाका फोटो.»

औषधवाली

तिने कोरा तक्ता हातात घेतला. सात ओळी, सात वेळा एकच शब्द, अर्ध्या मिनिटाचं काम. पेनाचं टोपण काढलं. मग तिला गुडघेवाल्या काकू दिसल्या, याच खुर्चीत, खरी लस घेऊन बसलेल्या, पंधराव्या मिनिटाला पांढऱ्याफटक पडलेल्या, आणि कागदावर आधीच लिहून ठेवलेलं: सामान्य.

तिने टोपण लावलं.

«साहेब, माफ करा. पहिलाच तक्ता खोटा लिहिला तर पुढच्या एकावरही माझाच विश्वास बसणार नाही. आई, आहे तसाच जाऊ दे.»

«तू बदल म्हणाली असतीस तरी मी बदलला नसता,» सासूबाई म्हणाल्या. «पण बरं झालं. भांडण वाचलं.»

साहेबांनी तक्ता पुढ्यात ओढला. मग सही केली, हेल्मेट घातलं आणि ते गेले. हेल्मेट त्यांनी दुकानातच घातलं.

सुनावणी: तीन मिनिटं

०.०० : अध्यक्षबाई तक्ता मोठ्याने वाचायला घेतात.

१.१० : ‘कारण आरसा’. स्क्रीनवरचे नऊ चेहरे हसू दाबतायत. एका कोपऱ्यात निरीक्षक, टोपी घालून.

१.३० : औषधवाली अजून एक शब्द बोललेली नाही. मिनिटं अर्धी संपली.

१.३५ : «तुमच्या दुकानात भलतंच काहीतरी घडलं,» अध्यक्षबाई म्हणतात. «माझ्याकडे मोठ्या दुकानांचे बावीस तक्ते आलेत. बावीसही सामान्य. एका शाईत, एका दमात. एक तर अर्धा तास संपायच्या आत आमच्याकडे पोचलाय.»

१.५५ : कुणी हसत नाही.

२.०० : «तुमच्याकडे कुणीतरी खरोखर बघत होतं. कोण?»

«माझ्या सासूबाई.»

«रोज बसतील?»

चौकटीच्या बाहेरून आवाज: «रविवारीसुद्धा.»

२.२० : «आणि त्या सलूनवाल्याचं काय करायचं?»

«चूक माझी आहे, मॅडम. खुर्चीमागे कुणी उभं राहायचं नाही हे मी लिहून ठेवायला हवं होतं. त्यांच्यावर काही नको. त्यांनी जागा फुकट दिलीय.» ती कॅमेऱ्याजवळ सरकते. «आणि माझ्याकडे एक काकू आहेत. एक पायरी चढायला त्यांना माझा हात लागतो. अकरा किलोमीटरवर त्यांना हात कोण देणार? अशा काकू चारशेही दुकानांत आहेत. त्यांच्यासाठी एक शब्द तेवढा काढा.»

३.०० : स्क्रीन आपोआप बंद.

नियम, सुधारित (नऊ दिवसांनी)

«...एकूण पाचशे चौरस फूट जागा असावी. ती शेजारच्या बंद दुकानांत विभागलेली चालेल. नोंद ठेवणाऱ्या व्यक्तीस त्या वेळेत दुसरे काम देऊ नये. बसण्याच्या जागी धारदार वस्तू नसाव्यात.»

फोन

त्याच सकाळी, नियम आल्याच्या दहाव्या मिनिटाला.

«ताई, मी नदीपलीकडचा मेडिकलवाला. नियम वाचला. डोळ्यांत पाणी आलं. पण माझ्या शेजारी फक्त सायकल दुरुस्तीवाला आहे.»

«बसायला काय आहे त्याच्याकडे?»

«सीटा आहेत. त्यांच्याखाली सायकली नाहीत.»

«स्टुलं आणा हो कुठून तरी. आणि बघायला कोण बसणार?»

«मावशी आहे माझी. पण ताई, ती एका जागी गप्प बसत नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या घरातलं सगळं विचारते.»

सासूबाईंनी हात पुढे करून फोन घेतला. «विचारू दे. लिहिता येतं ना तिला? उद्या सकाळी व्हिडिओ फोनवर बसव माझ्यासमोर. आणि चष्मा पुसून यायला सांग.»