घडीवरचं माप

तिने ब्लेडचं टोक टिपेखाली घातलं आणि खांद्यापासून बगलेपर्यंतची शिवण पुन्हा उसवायला घेतली. निळ्या सुती कापडाचा हा तिचा पहिलावहिला ब्लाउज, शिवला कमी आणि उसवला जास्त. उजवीकडे तो छान बसायचा. डावीकडे मात्र रिकाम्या पिशवीसारखा झोळ यायचा.

छातीची डावी बाजू ऑपरेशनमध्ये गेली होती. गाठ वेळेवर सापडली, थोडक्यात सुटलात, असं डॉक्टर म्हणाले आणि तीही सगळ्यांना तेच सांगायची. पण येत्या सोमवारी वाचनालयात पुन्हा रुजू व्हायचं होतं. तिथे टेबलामागे बसायचं, आणि येणारा प्रत्येक माणूस समोर उभा. थंडीत शाल निभावून गेली, आता उन्हं तापायला लागली होती. तयार कपड्यांचाही तोच झोळ. शिंप्याकडे जायचं तर अंगाला टेप लावू द्यावी लागणार, आणि तिने तर घरात नवऱ्यालाही काही पाहू दिलं नव्हतं. कपडे बदलताना ती आतून कडी लावायची आणि तो बाहेर उगीच खाकरत थांबायचा. म्हणून तिने शिवणवर्गात नाव घातलं. आपले कपडे आपणच शिवले की कोणाचं तोंड बघायला नको.

वर्गात बायका एकमेकींची मापं घ्यायच्या आणि एकमेकींच्या पोटांवरून खिदळायच्या. ती आपलं माप घरूनच, आरशासमोर घेऊन आली होती. शिवणाच्या बाई तोंडाने फटकळ. आज सकाळी त्यांनी तो ब्लाउज उजेडात धरून पाहिला.

"माप चुकलंय. हात वर केला की अंग हलतं. स्वतःचं माप स्वतःला घेता येत नाही."

"मी परत घेईन, बाई."

"शिवायला यायचं आणि माप द्यायचं नाही, हे म्हणजे ताकाला जाऊन भांडं लपवणं झालं. घरात आहे ना कोणी?"

बायका हसल्या. कोणाच्या मनात वाईट नव्हतं, तरी ते तिला लागलं.

आता शेवटचा दोरा निघाला. बाहेर अंगणात नवरा रंधा मारत होता. तो सुतार. घरात काहीही मोजायचं झालं की त्यालाच हाक जायची. ती दारापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली.

"अहो, जरा टेप धरता?"

तो भुसा झटकत आला. त्याला कपाटाचं काम वाटलं असावं. तिच्या हातातली शिवणाची टेप पाहून तो थबकला, मोरीकडे गेला आणि साबणाने हात धुऊन आला.

तिने कडी लावली. या वेळी तो आत होता.

सैल सदरा काढून ती भिंतीकडे बघत उभी राहिली. आता हा नजर तरी फिरवेल, नाहीतर कीव तरी करेल, आणि दोन्ही आपल्याला सोसणार नाही, असं तिला वाटत होतं. तो मात्र कामात असतो तसा जिभेचं टोक दातात धरून माप घेत होता. उजवीकडचं घेतलं, कानावरची पेन्सिल काढून कागदावर लिहिलं. मग टेप डावीकडे आली. व्रणापाशी हात थांबला.

"दुखतं?"

"नाही. तिथे काही कळतच नाही."

त्याने तळवा सपाट ठेवून टेप व्रणावरून नेली आणि आकडा लिहिला.

"एकाच बाजूचं घ्यायचं असतं," ती म्हणाली. "कापड दुमडून घडीवर कापतात. दोन्ही बाजू सारख्याच निघतात."

"कुठलीच चौकट दोन्हीकडून सारखी नसते. एका बाजूच्या मापाने दार केलं की अडकतं."

"म्हणजे मी चौकट?"

"जुनी," तो म्हणाला. "पण लाकूड चांगलं आहे."

ती हसली आणि हसता हसता तिला रडू फुटलं. तो टेप गुंडाळत राहिला, नीट गुंडाळलेली पुन्हा सोडून.

"इतके दिवस तुम्ही एकदाही विचारलं नाहीत," ती म्हणाली.

"कडी आतून होती."

एवढंच बोलून तो अंगणात गेला.

तिने उरलेलं कापड टेबलावर पसरलं. शिकवल्याप्रमाणे आधी दुमडलं. मग कागदावरचे दोन आकडे पाहिले, घडी उलगडली आणि खडूने दोन्ही बाजू वेगवेगळ्या आखल्या. डावीकडे छातीला फुगवटा देणारा टक्स घेतला नाही. मग तिने कात्री चालवली.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना शेवटची टीप पडली. ब्लाउज घेऊन ती खोलीत गेली. अंगणातला रंध्याचा आवाज थांबला. सवयीने तिचा हात कडीकडे गेला, तिथे जरासा राहिला आणि खाली आला. तिने दार नुसतं लोटून घेतलं.