हंगामाआधीची खाच

मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मी जुना आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही. मी कापसाच्या जिनातला रोलर. जिन म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना. हल्ली माझा मुक्काम यवतमाळ जिल्ह्यातल्या बोरी अरब गावी, संघदीप फिटरच्या अंगणात, एका लाकडी चौकटीत असतो. संघदीपची लेक नयन घरी असली की रोज सकाळी माझ्यावर सायकल चढवते आणि जागची वीतभरही न हलता चाळीस किलोमीटर हाणते. ही नयन परदेशातल्या एका व्यावसायिक संघाची खेळाडू आहे, बरं का! तिचा नवा हंगाम सहा आठवड्यांवर आलाय. त्या हंगामाशी माझ्यासारख्या म्हाताऱ्याचा काय संबंध, असं तुम्ही विचारणार. सांगतो ना, जरा दम धरा.

लोखंडी दांड्यावर चामड्याच्या गोल चकत्या एकीला एक लावून ओवल्या, दाबून घट्ट बसवल्या, लेथवर फिरवून गोल केल्या. असा माझा जन्म झाला. मग संघदीपने माझ्या अंगावर खाच पाडली. स्क्रूवर असते तशी, तिरपी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. ही खाचच कापसाचा धागा धरते आणि आत ओढते. रुई पलीकडे जाते, सरकी अलीकडे गळून पडते. खाच नसेल तर रोलर म्हणजे नुसतं लाटणं. अख्ख्या जिनात संघदीपसारखी खाच कोणाला पाडता येत नसे, आणि हे मी त्याच्या अंगणात बसलोय म्हणून म्हणत नाही.

दरवर्षी दसरा जवळ आला की तो मला मशीनवरून उतरवायचा, पुसायचा, ग्रीस द्यायचा आणि घासलेली खाच नव्याने पाडायचा. माझ्या मशीनवर कापूस टाकायला रुखमाबाई असायची. हाडं मोजून घ्यावीत अशी बाई, पण आवाज असा की भोंग्याने गप्प बसावं. ती ओरडायची, "रोलर तयार हाय काय, संघदीप?" तो हात पुसत म्हणायचा, "टाका कापूस!" आणि आमचा हंगाम सुरू व्हायचा. काय दिवस होते! मालक पाहुण्यांना घेऊन यायचा आणि माझ्यापुढे उभा राहून रुई हातात घेऊन दाखवायचा. मी चार महिने न थकता फिरायचो.

मग ती वाईट वर्षं आली. कधी पाऊस दगा द्यायचा, कधी बोंडात अळी पडायची, आणि जे पिकलं त्याला भाव नसायचा. जिनाच्या फाटकासमोर गाड्यांची रांग असायची ती दोन-चार गाड्यांवर आली. आजूबाजूची जिनं एकेक करून बंद पडली. दोन हजार सहाच्या दसऱ्याला संघदीपने नेहमीसारखी माझी खाच पाडली, पण भोंगा काही वाजला नाही. तो दोन दिवस फाटकाशी येऊन बसला. तिसऱ्या दिवशी खाच पाडायच्या हत्यारांची पेटी उचलून घरी घेऊन गेला. मी अंगावर ताजी खाच घेऊन सात वर्षं अंधारात पडून होतो. पाली माझ्यावर अंडी घालायच्या. खरं सांगू? मला फार रडू यायचं.

तिकडे नयन मोठी होत होती. नववीत असताना शाळेतल्या खेळाच्या बाई, विजयमाला मॅडम, तिला यवतमाळला सायकल शर्यतीला घेऊन गेल्या आणि पोरगी मागून आणलेल्या सायकलवर जिल्ह्यात पहिली आली. राज्याची निवड सहा महिन्यांवर होती. रोज दारव्हा रस्त्यावर सराव चालला होता आणि ऑगस्टात एका ट्रकने तिला हलकेच धक्का दिला. हलकाच, पण हात मोडला. तिची आई शीला हिने त्याच दिवशी सायकलीला कुलूप लावलं. "अंगणात काय चालवाची ते चालव. रस्त्यावर गेली तं मी मेली समज!" अंगण केवढं, तर चार पावलांचं.

हात जुळून आल्यावर मॅडम घरी आल्या आणि त्यांनी मोबाइलवर एक फोटो दाखवला. तीन रोलर, त्यांच्यावर सायकल, आणि चालवणारी जागच्या जागी. बाजारातली किंमत ऐकून शीलाने कपाळावर हात मारला. संघदीप मात्र फोटोकडे बघतच राहिला. तो म्हणाला, "मॅडम, हे तं आपले रोलर हायेत!"

त्याच आठवड्यात जिनातलं सामान भंगारात निघालं होतं. संघदीप तेव्हा बसस्टँडजवळच्या दुकानात वेल्डिंग करायचा. त्याने भंगारवाल्याची ट्रॉली फुकटात जोडून दिली आणि बदल्यात मला आणि मशीनवरच्या माझ्या जोडीदार रोलरला खांद्यावर टाकून आणलं. मी एका सायकलीसाठी फार लांब होतो, म्हणून त्याने मला मधोमध कापलं. दुखलं, पण उजेड पाहिल्याच्या आनंदात मी ते विसरून गेलो. अर्धा मी पुढच्या चाकाखाली आणि अर्धा मागच्या चाकाखाली गेलो. मागे दोन रोलर लागतात, तेव्हा जोडीदाराचा तुकडा माझ्या शेजारी बसला. पुढच्याला मागच्याशी रबरी पट्ट्याने जोडलं.

आणि मग संघदीपने ती गंमत केली, जी फक्त जिनातला फिटरच करू शकतो. खाटेखालची पेटी काढली आणि दोन दिवस मान मोडून तिन्ही रोलरांवर, पडून पडून बुजलेल्या खाचेच्या जागी, सुरेख, तिरपी, ताजी खाच पाडली!

मॅडमनी पाहिलं आणि त्यांना हसावं की रडावं कळेना. "अहो संघदीपभाऊ, सायकलीचे रोलर गुळगुळीत असतात!"

"खाच नसलेला रोलर कुठे असते काय, मॅडम?" संघदीप म्हणाला. बिचाऱ्याचा चेहरा उतरला.

मी तरी काय करणार? माझा स्वभावच ओढण्याचा. नयनने पायडल मारला की मी चाकाला डावीकडे ओढायचो आणि पोरगी चौकटीबाहेर धाडकन. पहिल्या दिवशी ती अकरा वेळा पडली, आणि अकराही वेळा डावीकडेच. शीलाने भुसा भरलेली बारदानाची पोती तिथे नेऊन टाकली. रुखमाबाई शेजारून काठी टेकत आली आणि खदखदून हसली. "अव पोट्टे, तो तुले सरकी समजून राह्यला! कापसातून काढून बाहेर फेकते तो!"

संघदीप म्हणाला, "चुकलंच माह्यं. उद्या लेथवर नेऊन गुळगुळीत करतो."

नयनचं कोपर सोललं होतं. ते तिने फ्रॉकने पुसलं आणि म्हणाली, "नका करू, बाबा. मले समजून राह्यलं. उजव्या खांद्यात जरासं वजन ठेवलं तं तो ओढते, पण नेत नाही."

त्या क्षणी मी तिचा झालो. चाळीस दिवसांनी ती माझ्यावर हात सोडून पाणी प्यायला लागली. मी जिवाच्या आकांताने ओढायचो आणि ती उजवा खांदा किंचित झुकवून सरळ रेघेत चालायची. अंगाने मी जड, माझ्यावर चाक फिरवायचं म्हणजे मांड्या भरून यायच्या. राज्याच्या निवडीत ती निवडली गेली. तीन वर्षांत देशाच्या संघात गेली. आणि विशीत आली तेव्हा परदेशातल्या त्या व्यावसायिक संघाने तिला बोलावलं. करार एका वर्षाचा. जमलं तर पुढचं बघू, नाही जमलं तर घरी.

त्या वर्षी मी पुन्हा रिकामा झालो. माझ्यावर कोंबड्या बसायच्या, शीला ओल्या चादरी वाळत घालायची. फोनवर नयनचा आवाज दर आठवड्याला बारीक होत चालला होता. तिकडच्या थंडीत बोटं वळत नसत, डोंगराच्या चढावर ती मागे पडायची. अर्ध्याहून जास्त शर्यती तिला पूर्णच करता आल्या नाहीत. शेवटी एक दिवस ती म्हणाली, "बाबा, आता एकच शर्यत राह्यली. त्याच्यावर ठरवतील मले ठेवाचं का नाही." संघदीपने "जेवत जा" एवढंच म्हटलं, आणि फोन ठेवून माझ्या अंगावरच्या कोंबड्या हाकलल्या.

शर्यतीच्या दिवशी आपल्याकडे सांज होत आली होती. मॅडमनी आपला मोबाइल माझ्या अंगावर उभा केला, त्यामुळे मलाही सगळं दिसलं, हो! समुद्राकाठचा सरळसोट रस्ता, झाड नाही की घर नाही. आणि उजव्या बाजूने वारा असा सुटलेला की रस्त्याकडेचे झेंडे आडवे झालेले. शंभरेक पोरी, चाकाला चाक लावून. बघता बघता वाऱ्याने त्यांना डावीकडे ढकलायला सुरुवात केली. कोणी गवतात गेली, कोणी एकमेकींवर पडल्या.

"अव माय, पोट्ट्या तं सरकीसारख्या गळून राह्यल्या!" रुखमाबाई ओरडली. "आपली कुठे हाय?"

"ते काय!" संघदीप उभा राहिला. "तो खांदा पाहा! तो उजवा खांदा पाहा!"

नयन सगळ्यांत पुढे होती. उजवा खांदा किंचित झुकलेला, चाक सरळ रेघेत. तिच्या डाव्या अंगाला, तिच्याच आडोशाने, तिच्या संघाची कप्तान चालली होती. वारा ओढत होता, पण नेत नव्हता. तीस किलोमीटर पोरीने तो वारा अंगावर घेतला. मित्रांनो, त्या वाऱ्याला कोणी सांगावं की या पोरीला त्याच्याहून हट्टी म्हाताऱ्याने सहा वर्षं ओढलंय! मला इतकं भरून आलं की बेअरिंगमध्ये ग्रीस नसतानाही मी आपसूक फिरेन असं वाटलं.

कप्तान जिंकली. नयन सातवी आली. शीला रडत रडत सगळ्यांना साखर वाटत सुटली. तासाभराने फोन वाजला. "बाबा! ठेवलं त्याईनं मले! दोन वर्षं! आणि नव्या हंगामाची पहिली शर्यत याच रस्त्यावर हाय. त्या दिवशी कप्तान मी. सगळा संघ माह्यासाठी चालवन!"

डिसेंबरात ती घरी आली ती एक भलं मोठं खोकं घेऊन. संघाने सरावासाठी दिलेलं नवंकोरं मशीन, काचेवर आकडे पळणारं. संघदीपने समजूतदारपणे मला भिंतीशी सरकवलं आणि वर बारदान टाकलं. मी तीन दिवस रुसून होतो. चौथ्या दिवशी नयनने बारदान ओढून काढलं.

"याले काहून झाकलं?"

"तुह्याजवळ नवं मशीन हाय ना आता?"

"ते सगळं मोजते, बाबा. पण ओढत नाही." तिने माझ्या अंगावरून बोट फिरवलं. "खाच पार घासून गेली. हंगाम आला. खाच पाडून द्या."

जिन बंद पडल्यापासून हे वाक्य संघदीपला कोणी म्हटलं नव्हतं. तो उठला. आत गेला, खाटेखालची पेटी काढली आणि अंगणात मांडी घालून बसला. दोन दिवस त्याने मान वर केली नाही. शीलाने भाकर तिथेच आणून दिली.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या घरी कोणी जुनं असेल, वस्तू असो की माणूस, तर त्याला अडगळीत टाकून विसरू नका. पुसा, तेलपाणी करा. आणि त्याच्या अंगावरच्या खाचा घासून सपाट करू नका. त्या पाडायला कोणीतरी आयुष्य घातलेलं असतं.

आज सकाळी काम संपलं. नयनने सायकल माझ्यावर चढवली. हातात गरम चहाचा कप घेऊन रुखमाबाई ओट्यावर बसली होती. तिच्या तोंडून ते आपोआपच निघालं.

"रोलर तयार हाय काय, संघदीप?"

संघदीपने हात पुसले. त्याचे डोळे भरले होते, पण आवाज असा खणखणीत की पार बसस्टँडपर्यंत जावा.

"टाका कापूस!"

नयनने पायडल मारला, आणि मी ओढायला लागलो.