प्रस्थानाला ठेवलेली मैना

मित्रांनो, असे वाकून वाकून आत पाहू नका. आत कोणी नाही. मी एक जुना पिंजरा आहे. माझ्या पितळी तारा काळ्या पडल्या आहेत, दाराची कडी सैल झाली आहे आणि पाखराने बसायची दांडी मधोमध वाकली आहे. ती पाहून लोक थट्टेने विचारतात, हिच्यावर काय मोर पाळला होता? मोर नव्हता. ओंजळीत मावेल एवढी पहाडी मैना होती. एवढ्याशा पाखराने शिसवी दांडी कशी वाकली, ते मी सांगतो. खरे मानायचे की नाही, ते तुमचे तुम्ही ठरवा.

माझा जन्म देवासचा. देवासात दोन भावांची दोन राज्ये, थोरली पाती आणि धाकटी पाती; नीलकंठराव थोरल्या पातीच्या कचेरीत कारकून होते. त्यांना आफ्रिकेत, मोंबासाला, रेल्वेच्या कचेरीत जागा मिळाली. बायको विनोदिनीबाई आणि आठ वर्षांची सरला यांना घेऊन ते निघणार होते. समुद्र ओलांडायचा म्हणजे तेव्हा लहानसहान गोष्ट नव्हती. नातेवाइकांनी नाके मुरडली, दोन घरांनी तर पंक्तीला बोलावणेही बंद केले. विनोदिनीबाईंनी ते सगळे गिळले. सरलेने मात्र एकच हट्ट धरला. बकुळा येणार असेल तरच मी येईन, ती म्हणाली. बकुळा म्हणजे तिची मैना.

मग माझी गरज पडली. आगबोटीच्या एजंटाने कळवले होते की पाखरू नेता येईल, पण पिंजरा बाकाखाली मावला पाहिजे, पाणी सांडता कामा नये आणि घाण बाहेर पडता कामा नये. भगवंत सुताराने मला मन लावून घडवले. खाली ओढून काढायचा कप्पा, बोट हलली तरी हिंदकळणार नाही अशी निमुळत्या तोंडाची वाटी, वरून मांजरपाटाची खोळ. दांडी बसवण्याआधी त्याने बकुळेला तळहातावर घेऊन तोलले आणि हसून म्हणाला, हिला काडीसुद्धा पुरेल. तरी त्याने शिसवाची दांडी बसवली. घरात पाहुणे येत आणि माझे कौतुक करून जात. मी थोडा फुगलो होतो हे कबूल करतो.

बकुळा बोलायची, आणि बोलायची ती हुबेहूब सरलेच्या आवाजात. सरलेला लपंडावाचा नाद होता. माजघरात लपून ती हाक मारायची, "आई, मी इथंय." बकुळेने ती हाक अशी उचलली होती की विनोदिनीबाई दिवसातून कितीदा तरी चकायच्या. मुलगी समजून ओ द्यायच्या आणि पाहायच्या तर मैना. मग दोघी मायलेकी हसत सुटायच्या. त्या घराला ते हसणे फार शोभायचे.

आता मुहूर्ताची गोष्ट. मोरोपंत जोशी पंचांग घेऊन बसले. चांगला मुहूर्त होता तो आगबोटीच्या बराच आधी. अशा वेळी काय करतात, ठाऊक आहे? प्रस्थान ठेवतात. आपली एखादी वस्तू मुहूर्तावर घराबाहेर काढून दुसऱ्याच्या घरी ठेवायची, म्हणजे प्रवास सुरू झाला असे धरतात. मागाहून माणसे निघतात आणि वाटेत ती वस्तू उचलून पुढे जातात. मात्र एकदा बाहेर पडलेले प्रस्थान परत घरात आणायचे नसते. आणले तर प्रवास मोडतो, कदाचित प्रवासीही.

मोरोपंत म्हणाले, सुपारी आणि हळदीचे तांदूळ फडक्यात बांधा आणि समोरच्या घरी ठेवा. देवासात रस्त्याच्या या बाजूला थोरली पाती आणि त्या बाजूला धाकटी, तेव्हा रस्ता ओलांडला की राज्याची सीमाच ओलांडली. पण नीलकंठरावांचे मन भरेना. काळ्या पाण्यापलीकडे जायचे आणि प्रस्थान समोरच्या ओसरीवर? त्यांनी ठरवले की ते धारला ठेवायचे, त्यांच्या मावशीकडे. थोडा फेरा पडला तरी धारवरून महूला जाऊन रेल्वे धरता येत होती. आणि घरातली सगळ्यांत आवडती वस्तू ठेवावी, म्हणजे प्रवास निर्विघ्न होतो, असे त्यांनी कुठेसे ऐकले होते. शिवाय मैनेला पिंजऱ्याची सवय होईल, सामान हलके होईल. त्यांना वाटले, केवढी सोय झाली.

मोरोपंतांनी पंचांग मिटले आणि ते हळूच म्हणाले, "वस्तू ठेवतात, नीलकंठराव. जीव ठेवल्याचं मी ऐकलेलं नाही."

नीलकंठराव हसले. मुहूर्तावर माझ्या कडीला सुपारीचे फडके बांधले गेले, बकुळेला आत सोडले गेले आणि गणपत गाडीवानाने मला उचलले. सरला बैलगाडीच्या मागे कोपऱ्यापर्यंत आली. तिला बरोबर यायचे होते. बाबांनी समजावले, आपण आपल्या दिवशी निघायचं.

"पण ती माझा आवाज घेऊन चाललीय," सरला म्हणाली. "मग मी इथं कशानं बोलू?"

सगळे हसले. मला मात्र आतल्या पाखराची थरथर माझ्या तारांतून कळत होती.

धारच्या मावशींना सगळे माई म्हणत. एकटी, करारी, प्रेमळ बाई. माईंनी मला ओसरीवर टांगले, डाळीचे पीठ तुपात मळून त्याच्या गोळ्या केल्या, पिकली अंजिरे आणवली. पहिले काही दिवस बकुळा अंग फुगवून बसून राहिली. मग एका टळटळीत दुपारी, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, ती बोलली.

"पाणी दे."

आवाज सरलेचाच होता, पण घसा कोरडा पडलेला. हे शब्द तिला कोणी शिकवले नव्हते. माई लगबगीने उठल्या. वाटी काठोकाठ भरलेली होती. बकुळा तिच्याकडे पाहतही नव्हती. ती रस्त्याकडे पाहत होती.

दुसऱ्या दुपारी ती म्हणाली, "डोकं दुखतंय." माईंच्या हातातली वात खाली पडली. ती उचलून त्यांनी देवापुढे दिवा लावला. आणि त्याच दुपारी माझ्या लक्षात आले की दांडी करकरते आहे. मित्रांनो, लाकडाला वजन खोटे कळत नाही. बकुळेने अन्न सोडले होते, ती दिवसेंदिवस रोड होत होती आणि दांडीवरचा भार वाढत होता. एखादे मूल पाय सोडून बसावे इतका तो वाढला. मला भीती वाटली. पिंजऱ्यालाही वाटते.

तशात गणपत देवासहून निरोप घेऊन आला. आगबोट लांबणीवर पडली होती. आणि सरला आजारी होती. गाडी निघाली त्या दिवसापासून तिच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. आता ताप भरला होता. पाणी हवे असले तर ती हाताने खूण करी, डोके दुखले तर कपाळाला हात लावी. डॉक्टरांनी घसा पाहिला. घशात काही नव्हते.

माईंनी मला खाली उतरवून गणपतपुढे ठेवले. मग म्हणाल्या, आताच्या आता पिंजरा घेऊन परत जा.

गणपतने मान हलवली. "माई, नीलकंठ भियांनी साफ सांगितलंय, पिंजरा वापस आणायचा नाही. पोरीवर बेतलंय, वरून प्रस्थान मोडलं तर? मी नाही नेणार. माझे हात नाही उचलणार."

तो खोटे बोलत नव्हता, तो घाबरला होता. माईंनाही ते पटले असावे. त्यांनी डोळे पुसले आणि उलटा निरोप धाडला: पाखरू येत नाही, मुलीला इथे आणा. प्रवाशाने प्रस्थानापाशी यायला कसला दोष नाही.

पुढचे मी नंतर ऐकले. नीलकंठराव तयार नव्हते. एवढ्या तापात, एवढ्या उन्हात मुलीला गाडीत घालायचे? पाखराच्या बडबडीवरून? विनोदिनीबाईंनी वाद घातला नाही. त्यांनी सरलेला ओल्या लुगड्यात गुंडाळले आणि गाडीत बसल्या. नवऱ्याचे न ऐकण्याची ती त्यांची पहिलीच वेळ होती, असे म्हणतात.

त्या आल्या तेव्हाही दुपारच होती. गाडी दारात थांबली. विनोदिनीबाई मुलीला कडेवर घेऊन ओसरी चढल्या. सरलेचे डोळे उघडे होते, ओठ सुकले होते. बकुळेने त्यांना पाहिले. ती दांडीवर उभी राहिली, आणि दांडी मधोमध वाकली.

"आई, मी इथंय."

मित्रांनो, जे झाले ते मी स्वतः पाहिले. विनोदिनीबाईंनी कडेवरची मुलगी खाली सतरंजीवर ठेवली आणि हात पसरून त्या माझ्याकडे धावल्या. त्यांच्या ओठांवर ओ आलेली होती. आणि मागे, सतरंजीवरून, सरला आपल्या आईची पाठ पाहत होती.

"विनोदिनी!" माईंनी त्यांचा दंड धरला. "मूल मागं आहे. इकडे ओ देऊ नकोस."

विनोदिनीबाई जाग्या झाल्यासारख्या थांबल्या. त्यांनी एकदा मागे पाहिले, एकदा माझ्याकडे. मग त्या परतल्या, मुलीजवळ बसल्या आणि माझ्याकडे पाठ केली. सरलेचा चेहरा दोन्ही हातांत धरून त्या म्हणाल्या, "तू बोल. मी तुलाच ओ देईन. दुसऱ्या कोणाला नाही देणार."

सरला बोलली नाही. बकुळा बोलली. "आई, मी इथंय." पुन्हा. "आई, मी इथंय." आवाज रडवेला झाला, आर्जवी झाला, चिरकला. प्रत्येक हाकेसरशी विनोदिनीबाईंच्या खांद्यांवर शहारा येई, पण त्यांनी मान वळवली नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मीही वळवली नसती. पण मी त्या पाखराच्या जवळ होतो, आणि तेव्हा मला जे कळले ते बाहेरच्या कोणाला कळले नाही. त्या भाराखाली बकुळा होती. आमची बकुळा, घाबरलेली, परक्या घरात एकटी पडलेली. ती सरलेसाठी हाक मारत नव्हती, स्वतःसाठी मारत होती. तिला घरी जायचे होते, आणि ते सांगायला तिच्याजवळ दुसऱ्या कोणाचा आवाजच नव्हता.

हाका हळूहळू क्षीण झाल्या. एकाएकी दांडीवरचा भार उतरला. सतरंजीवर सरलेने लांब श्वास घेतला आणि तिच्या कपाळावर घाम फुटला. ती आईकडे पाहत होती. मग तिचे ओठ हलले.

"आई," ती म्हणाली, "तिला ओ दे ना."

विनोदिनीबाई धडपडत उठल्या. त्यांनी माझे दार उघडले, दोन्ही हात आत घातले आणि म्हणाल्या, "ओ. ओ, बकुळे. ओ." कप्प्यावर बकुळा पाय वर करून पडली होती. तिचे अंग अजून गरम होते.

सरला बरी झाली. आगबोटीचा दिवस आला. मला परत नेता येत नव्हते, कारण मी प्रस्थान होतो, आणि म्हणून मी रिकामाच समुद्रापार गेलो. बंदरावर एका कारकुनाने खोळ वर करून विचारले, यात काय आहे? नीलकंठरावांनी सांगितले, काही नाही. सरलेने सांगितले, बकुळा. कारकुनाने दोघांकडे पाहिले आणि खोळ खाली सोडली.

मोंबासाच्या घरात माझी जागा खिडकीपाशी होती. सरला पुन्हा कधी लपंडाव खेळली नाही. दुपारी घरात सामसूम झाली की विनोदिनीबाई हातातले काम टाकून उठत, माझ्यासमोर येऊन उभ्या राहत आणि हळूच "ओ" म्हणत. मला काहीच ऐकू आलेले नसे. त्यांना आलेले असे.

म्हणून, मित्रांनो, या जुन्या पिंजऱ्याचे एवढे ऐका. दूर देशी जाताना पेट्या खुशाल पुढे पाठवा, गाद्या पाठवा, भांडीकुंडी पाठवा. ज्याला जीव आहे त्याला मात्र आपल्याबरोबर न्या, आपल्या गाडीत, आपल्या हाताखाली. मुक्या जिवाजवळ स्वतःचे शब्द नसतात. तुमच्याकडून मिळालेले दोन-चार असतात, त्यांतच त्याला सगळे सांगायचे असते. त्याने हाक मारली की वेळेवर ओ द्या. नंतर दिलेली ओ फक्त माझ्यासारख्या रिकाम्या पिंजऱ्यांना ऐकावी लागते.